गडूवरचं नाव

आमच्या सौभाग्यवतींच्या थोरल्या मामांनी जितकी भांडी वाचली आहेत, तितकी अख्ख्या खानदेशात दुसऱ्या कुणी घासलीही नसतील. हो, वाचलीच. लोक पेपर वाचतात, पोथी वाचतात, मामा भांडी वाचतात. आपल्याकडे लग्नात, मुंजीत, वास्तुशांतीला भांडं द्यायचं म्हणजे त्यावर नाव कोरूनच द्यायचं, ही रीत कुणी पाडली देव जाणे, पण ती बहुधा मामांसाठीच पाडली असावी. ताट, वाटी, पातेलं, कळशी, काहीही हातात आलं की मामा आधी ते उजेडाकडे धरतात, कडेकडेने फिरवतात आणि मोठ्याने वाचतात. आत आमटी असली तरी वाचतात. माझं लग्न झाल्यावर ते पहिल्यांदा आमच्याकडे जळगावला जेवायला आले, तेव्हा शेजारच्या वहिनीही पंगतीला होत्या. मामांनी वाटीतली खीर एका घोटात संपवली, वाटी खिडकीकडे धरली आणि खणखणीत आवाजात त्यावरचं नाव वाचलं. ते शेजारच्या वहिनींचं होतं. वर तारीखही वाचली. ती वाटी त्यांच्याकडून कोशिंबिरीसोबत आली होती आणि आमच्याकडे दोन वर्षं नांदत होती. वहिनी म्हणाल्या, "अय्या, मी कामवालीला बोलले हो हिच्यासाठी!" त्यानंतर आमच्या घरात मामा यायचे म्हटलं की आधी वाट्यांची तपासणी होते.

मामा भडगावचे. आयुष्यभर सायकलवरून टपाल वाटलं. निवृत्तीला आता बरीच वर्षं झाली, पण वाटप थांबलेलं नाही. जुन्या बाजारात नाव कोरलेलं भांडं दिसलं की ते त्यांना चुकीच्या गावी पोचलेल्या पत्रासारखं वाटतं. ते विकत घेतात, पिशवीत घालतात आणि नावावरून, गावावरून, माग काढत काढत ज्याचं त्याला नेऊन देतात. ज्यांनी ते भांडं स्वतःच मोडीत घातलेलं असतं त्यांना या सेवेचा किती आनंद होत असेल, याची कल्पना करा. एकदा त्यांनी गिरणेकाठच्या एका खेड्यात मोठं पितळी पातेलं नेऊन दिलं. म्हातारी सासू ओट्यावर बसली होती. पातेलं बघताच ओरडली, "हाई ते मनं पातेलं शे! सून म्हने, माकड लई गयं!" माकडाने नेलं म्हणून सांगणारी ती सून दारातच उभी होती. तिने मामांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मामा अजून हुबेहूब करून दाखवतात. "एकाच घरात सासूने मला चहा पाजला आणि सुनेने मनातल्या मनात विष," असं ते समाधानाने सांगतात. ज्यांचे पत्तेच लागले नाहीत, अशी शेसव्वाशे भांडी त्यांच्या घरच्या मागच्या खोलीत रचलेली आहेत. मामी त्या खोलीला पोस्ट म्हणतात आणि पाहुण्यांना सांगतात, "माझ्या घरात बाराशे माणसं जेवतील इतकी भांडी आहेत, पण चहाच्या आधणाला एक धड नाही. मी हात लावला की म्हणतात, ते दुसऱ्याचं आहे."

मामांच्या शर्टाच्या एका खिशात भिंग असतं आणि दुसऱ्यात छोट्या डबीत मीठ लावलेला चिंचेचा गोळा. काळं पडलेलं पितळ दिसलं की ते जागच्या जागी उकिडवे बसतात, चिंच चोळतात आणि अक्षरं उजळून काढतात. कुठल्याही गावाला लग्नाला गेले तरी बसमधून उतरल्यावर ते मांडव विचारत नाहीत, जुना बाजार विचारतात. आता या सगळ्याला वेड म्हणून सोडून देता आलं असतं. आम्हीही तेच करत होतो. पण वेडाच्या मुळाशी एक गडू होता.

मामा अकरा वर्षांचे असताना त्यांची आई गेली. तिचा फोटो नाही. शाळा तिने पाहिली नाही, त्यामुळे सही नाही, दाखला नाही. पुढे मामा नोकरीला लागले, आणि पहिल्या दिवाळीला तरुण उत्साहात त्यांनी घरातलं सगळं जुनं पितळ मोडीत घालून झळझळीत स्टीलचा संच आणला. सबंध आळी बघायला आली. वडील शेतातून आले, हातपाय धुतले, पाण्यासाठी नेहमीच्या जागी हात नेला आणि म्हणाले, "इथला गडू?" मामा म्हणाले, "मोडीत दिला." वडिलांनी रिकाम्या जागेवरून हात मागे घेतला. मग म्हणाले, "त्याच्यावर तिचं नाव होतं रे." बस्स. पुढे वडील वीस वर्षं जगले, स्टीलच्या पेल्यातून पाणी प्यायले आणि त्या विषयावर दुसरं वाक्य बोलले नाहीत. मामा दुसऱ्याच दिवशी दुकानात धावले होते. दुकानदार म्हणाला, "चांगला गडू भट्टीत कोण घालतं? गेला विकून." ते ऐकून मामांना जो धीर आला, तो आजतागायत टिकला आहे. भट्टीत गेला नाही म्हणजे कुठेतरी आहे. कुठेतरी आहे म्हणजे कधीतरी बाजारात येईल.

तर आईचं नाव काशीबाई. गडू लग्नात तिच्या भावाने दिलेला. एवढ्या दोन गोष्टींवर मामांनी चाळीसेक वर्षं धुळे, जळगाव, चोपडा, साक्री, जिथे जिथे जुनं विकायला बसतात तिथे तिथे पालथं घातलं. बाजारात मात्र हे नाव ते कुणाला सांगत नाहीत. एकदा सांगितलं होतं. पुढच्याच रविवारी विक्रेत्याने 'सौ. काशीबाई' असं ठिपक्याठिपक्यांनी मशीनवर कोरलेला ताजा गडू समोर ठेवला आणि वर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "बघा बाबा, मायनी पाठाडं." मामा म्हणाले, "अरे, माय गेली तेव्हा गावात वीज नव्हती, हे ठिपके कुठल्या मशीनवर पाडले तिने?" तेव्हापासून बाजारात ते तोंड मिटून वाचतात.

या फेब्रुवारीत मामा जळगावला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे होते. तीन आठवडे झाले, आणि साक्रीला त्यांच्या पुतणीचा साखरपुडा आला. रविवारी दुपारी साडेबाराचा मुहूर्त. मामी आणि आमची ही आदल्या दिवशीच गेल्या आणि मला गाडीतून मामांना घेऊन येण्याचं काम लागलं. निघताना हिने बजावलं, "धुळ्यात गाडी थांबवायची नाही. चहाला नाही, हवेला नाही. डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितलंय." डोळ्यांवर काळा चष्मा लावून मामा शेजारी बसले होते. मी मान डोलावली. पण खरं सांगतो, मलाच त्या बाजाराची उत्सुकता होती. इतकी वर्षं त्याच्या गोष्टी ऐकत होतो, पाहिला कधी नव्हता. त्यामुळे पारोळा मागे पडून धुळं जवळ आलं आणि मामा अगदी सहज म्हणाले, "जावईबापू, मागच्या चाकात हवा कमी वाटते," तेव्हा मी खाली उतरून न बघताच म्हणालो, "हो, मलाही तसंच वाटतं."

पांझरेच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजार पसरला होता. वाचकहो, काय नव्हतं तिथे! पाय नसलेलं टेबल होतं आणि थोड्या अंतरावर नुसते पाय होते. रिमोटचा एक डोंगर होता, त्यांचे टीव्ही कधीच निजधामाला गेलेले. कूलरच्या मोटारी रांगेने मांडलेल्या, उन्हाळा तोंडावर आल्यामुळे त्यांचा भाव वधारलेला. चष्म्यांच्या ढिगातून एक आजोबा एकेक चष्मा लावून समोरच्या रिक्षाचा नंबर वाचून बघत होते. नंबर वाचता आला की चष्मा पसंत. कुणाचे तरी कुस्तीचे करंडक, कुणाच्या तरी दारावरची पाटी, एका नवरदेवाची शेरवानी, तिच्या खिशात अजून अक्षता. एका बाजूला किल्ली नसलेली कुलुपं विकणारा बसला होता आणि बरोबर त्याच्यासमोर कुलूप नसलेल्या किल्ल्या विकणारा. मी म्हटलं, "तुम्ही दोघे एकत्र का बसत नाही?" कुलूपवाला म्हणाला, "त्याचं माझं जमत नाही." आणि या सगळ्यातून गर्दी नुसती वाहत होती. कुणी काही हरवलेलं शोधत नव्हतं. काय सापडतं ते बघायला सगळे आले होते. हरवलेलं शोधणारे त्या बाजारात एकटे मामा.

पितळेची भांडी घेऊन बसलेली एक म्हातारी मामांची जुनी ओळखीची. तिला ते अक्का म्हणत. काळ्या चष्म्यातून भिंग, भिंगातून गडू, असा तो तिहेरी थाट मांडून मामा बसले, चिंच काढली आणि कामाला लागले. अक्काला त्याचं काही वाटलं नाही. भांडी फुकट घासून मिळत होती. मी मात्र गप्प बसणारा माणूस नव्हे. अक्का मला म्हणाली, "जवाई का? मंग सांगा बरं. धा वरीस व्हयनात, हाऊ आबा आठे येस, बठ्ठा भांडा वाचस. नेमकं काय शोधस?" मामा चार हात लांब होते. मी खाली वाकून, अगदी हळू, सांगून टाकलं. आईच्या नावाचा गडू, काशीबाई, भावाने लग्नात दिलेला.

अक्काने तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. मग मोठ्याने हाक मारली, "ओ आबा! आठे या!" मामा आले. माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेने बघितलं, तिच्यापासून मी काळ्या चष्म्यामुळे वाचलो. अक्का म्हणाली, "गडू मायले तिना भाऊनी दिधा ना?"

"हा," मामा म्हणाले.

"लगीनमा?"

"लगीनमा."

"मंग त्यावर काशी कसं ऱ्हाई? भांडा लगीनना पह्यले कोरतस. नाव मंगन बदलस, सासरले तांदूयमा नवं नाव लिखतस तै. काशी सासरनं नाव ना? भाऊनी माहेरनं नाव कोरं व्हई. माहेरनं नाव काय?"

मामांच्या हातातला चिंचेचा गोळा तसाच राहिला. गर्दीत कुणीतरी कूलरची मोटार चालू करून दाखवत होतं, तिचा घरघराट चालू होता. मला वाटलं मामांना ऐकू आलं नाही. पण त्यांना ऐकू आलं होतं. सगळ्या तालुक्याची नावं पाठ असलेला माणूस हळूच म्हणाला, "माहीत नाही."

पुढे साक्रीपर्यंत पन्नास किलोमीटर होते. मी दोनदा सॉरी म्हणालो. कुसुंबा गेलं, नेर गेलं. मग मामा एकदम म्हणाले, "जावईबापू, ती माहेरी कोण होती, हे मी कधी विचारलंच नाही. मला वाटायचं, ती आमच्याच घरी जन्मली."

साखरपुड्याला आम्ही मुहूर्त टळून तासाने पोचलो. मामी पदर खोचून दारातच उभ्या होत्या. "चिंचेचा वास येतोय," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. मामा थांबलेच नाहीत. मांडवाच्या कडेला खुर्चीत त्यांची मावशी बसली होती, आईची धाकटी बहीण, पंच्याऐंशीच्या पुढची. दर लग्नात मामा तिच्या पाया पडायचे, तब्येत विचारायचे आणि जेवायला जायचे. आज ते तिच्या पायाशी खाली बसले. "मावशी, माय लगीनना पह्यले काय नाव लावे?"

मावशीला आधी नीट कळलं नाही. कळल्यावर ती हसली. तोंडात दात नव्हता, पण हसली अगदी पोरीसारखी. "तुले माहीत नही? मैना! बठ्ठा घरमा मैना. दादा ते नुस्ता मैने, मैने करे. लगीन व्हयनं, मंग आम्हले सांगं, आते तिले मैना म्हनू नका, सासरना लोकेसले आवडत नही."

मैना म्हटल्याबरोबर मी मामांकडे बघितलं. कारण मैनेच्या गडूची गोष्ट मला पाठ होती. मामांच्या सगळ्या गोष्टींमधली ती सर्वांत लाडकी, प्रत्येक पंगतीत सांगितलेली. पाच वर्षांपूर्वी धुळ्याच्या त्याच बाजारात त्यांना एक गडू मिळाला होता. त्यावर फक्त 'चि. मैना हिस दादाकडून' एवढंच. आडनाव नाही, गाव नाही, तारीख नाही. पत्ता नसलेलं टपाल! मामांना स्फुरण चढलं. वर्षभर तो गडू पिशवीत घेऊन ते बाजारोबाजार, बस स्टँडवर उभे राहून विचारत फिरले, "मैना कोण शे? मैना कोण शे?" आणि एक दिवस याच साक्रीच्या स्टँडजवळ भाजी विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने हात वर केला, "मीच मैना." गडू हातात घेतला आणि ती ढसाढसा रडली. मामा गोष्टीचा शेवट नेहमी असा करायचे, "चाळीस वर्षांत एवढं बरोबर पोचलेलं टपाल हेच!"

"मामा," मी म्हणालो, "मैना काय जगात एकच असेल?"

"नाही," मामा म्हणाले. "दादाही पुष्कळ असतील." मग म्हणाले, "वर्षभर माझ्या पिशवीत होता. मी फक्त नाव वाचलं. गडू बघितलाच नाही."

जेवणं होईपर्यंत कसाबसा धीर धरला आणि आम्ही स्टँडकडे निघालो. मामांनी खिसे चाचपले. भिंग होतं. स्टँडबाहेरच्या लिंबाखाली ती म्हातारी बसलेली होती, पुढ्यात ओल्या हरभऱ्याच्या जुड्या, मेथी, आणि मांडीशी तो गडू. रोज राखेने घासलेला असणार, सोन्यासारखा चमकत होता. चिंचेचं काम नव्हतं. मामांना दुरून येताना तिने ओळखलं. आणि तिने काय करावं? गडू उचलला आणि पदराखाली घेतला. आम्ही समोर जाऊन उभे राहिलो तर वर न बघताच म्हणाली,

"भाऊ, मालक भेटना का?"

मामा तिच्यासमोर उकिडवे बसले. ती बोलतच राहिली. "माले माहीत व्हतं, तुम्ही एक दिन येशात. हाऊ मना नही. मना भाऊ कोठला गडू देस, त्याले खावाले नव्हतं. पन माहेर सुटनं तैपासून माले कोन्ही मैना म्हनं नही. सासरमा नाव बदलं. त्या दिन तुम्ही भर स्टँडवर वरडनात, मैना कोन शे. पन्नास वरीसमा पह्यल्यांदा कोन्ही हाक मारी. मी हात वर कया. मंग खाले कसा करू?" तिने गडू पदराबाहेर काढला आणि पुढे केला. "ल्या. जेना शे तेले द्या."

मामांनी तो घेतला. काळा चष्मा काढला, डॉक्टरांनी काढू नका म्हणून सांगितलेला. भिंगाला हात लावला नाही. बोट फक्त अक्षरांवरून एकदा फिरवलं, आणि मग खाली, बुडाकडे, कडेवरून, पोटावरून, जिथे काहीच कोरलेलं नव्हतं तिथून बराच वेळ. आत पाणी होतं. मान वर करून त्यांनी गडू उंच धरला आणि ते सगळं पाणी वरून तोंडात ओतून प्यायले. निम्मं शर्टावर सांडलं. तोच गडू होता का? मला माहीत नाही. मामांनी मला सांगितलं नाही आणि मी, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, विचारलं नाही.

गडू त्यांनी परत तिच्या मांडीशी ठेवला. "मालक कोन्ही भेटना नही, अक्का," ते म्हणाले. "तुम्हनाच शे." मग उठता उठता थांबले. "अक्का नही. मैना."

म्हातारीने हरभऱ्याच्या चार जुड्या बळेबळे माझ्या हातात कोंबल्या.

परतताना गाडीत मामी आणि ही मागे बसल्या होत्या. धुळ्यात बाजार उठत आला होता. मामा म्हणाले, "थांबवा." मागून दोन्ही बायकांनी एकदम श्वास घेतला. मामा उतरले, अक्काजवळ गेले, भांड्यांकडे ढुंकूनही न बघता तिला काहीतरी विचारून आले. अक्का एवढी हसली की तिची सुपारी पडली. गाडीत बसून मामांनी सांगितलं, "तिचं माहेरचं नाव 'सुंदर'. बघा, दहा वर्षं मी तिला नुसतं अक्का म्हणत होतो."

तेव्हापासून मामांना हा नवा नाद लागला आहे. भांडी वाचणं संपलं असं नाही, पण आता भेटेल त्या बाईला ते आधी माहेरचं नाव विचारतात आणि पुढे त्याच नावाने हाक मारतात. भडगावच्या आळीत त्यामुळे सकाळी सकाळी अशा काही हाका ऐकू येतात की जुने लोक दचकून दार उघडतात. मामींना त्यांनी लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा 'गोदे' म्हणून हाक मारली. मामी म्हणाल्या, "वय काय, चाळे काय!" पण त्या दिवशी पोस्टातल्या एका पातेल्यात, मामांनी काही म्हणायच्या आत, त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

मागच्या महिन्यात मी मामांना घेऊन पुन्हा साक्रीला गेलो होतो. स्टँडसमोर ट्रॅफिक तुंबलं होतं. मामांनी काच खाली केली, अर्धं अंग बाहेर काढलं आणि बसच्या भोंग्यांवर आवाज चढवून हाक मारली, "मैनेऽऽ!" लिंबाखाली म्हातारीने मान वर केली, कोवळं हसली आणि गडू उंच धरून दाखवला.

मामा ती हाक कुणाला मारतात, ते मी विचारत नाही.